मात्स्यन्याय आणि काचेची पेटी

घरात मासे पाळण्याचा छंद आता सोलापूरसारख्या शहरातही चांगला रुजला आहे. दवाखान्यात, कापडाच्या दुकानात, हॉटेलात आणि कधी कधी शाळेच्या व्हरांड्यातही दिव्यांनी उजळलेली काचेची पेटी दिसते. पूर्वी अशा पेटीत गप्पी, मॉली, गोल्डफिश असे शांत मासे असत. आता त्यांच्या जोडीला ऑस्कर, अरोवाना, फ्लॉवरहॉर्न असे मोठे आणि शिकारी वृत्तीचे मासे आले आहेत. अरोवाना घरात असला की भरभराट होते, ही समजूतही त्यामागे आहेच. या माशांबरोबर एक प्रथाही आली आहे. ती म्हणजे लहान जिवंत मासे विकत आणून त्यांच्या पुढ्यात सोडण्याची. दुकानदार या लहान माशांना ‘फीडर’ म्हणतात. म्हणजे ज्याचे दुसरे नाव नाही, जो फक्त खाद्य आहे, असा मासा. पेटीत तो सोडला की घरातली मुले, पाहुणे, शेजारी काचेभोवती जमतात. दोन-चार मिनिटांत खेळ संपतो.

या प्रथेच्या समर्थनार्थ साधारणपणे तीन विधाने केली जातात. पहिले, ‘निसर्गात असेच चालते’. दुसरे, ‘माशांना वेदना होत नाहीत’. तिसरे, ‘शिकारी माशाला जिवंत खाद्य लागतेच’. तिन्ही विधाने विज्ञानाचा आधार घेतात, निदान तसा आव तरी आणतात. म्हणूनच ती तपासून पाहणे हे विज्ञानशिक्षकाचे काम ठरते. त्यानंतर कायदा काय म्हणतो, हेही पाहिले पाहिजे.

निसर्ग आणि पेटी

मोठा मासा लहान माशाला खातो, हे खरेच आहे. अन्नसाखळीचा धडा आपण याच उदाहरणाने शिकवतो. परंतु काचेच्या पेटीत जे घडते ते अन्नसाखळीचे प्रात्यक्षिक आहे का?

रशियन जीवशास्त्रज्ञ गॉस याने १९३४ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग येथे आठवतात. त्याने परीक्षानळीत पॅरामीशियम आणि त्याला खाणारा डिडिनियम हे दोन एकपेशीय जीव एकत्र वाढवले. नळीत लपायला जागा नव्हती तेव्हा डिडिनियमने सगळे पॅरामीशियम फस्त केले आणि मग तोही उपासमारीने संपला. तळाशी गाळ ठेवून लपण्याची सोय केली तेव्हा काही पॅरामीशियम वाचले, डिडिनियम नाहीसा झाला आणि वाचलेले पुन्हा वाढले. शिकारी आणि भक्ष्य दोघेही टिकायचे असतील तर भक्ष्याला निसटण्याची संधी हवी, पळायला आणि लपायला जागा हवी, बाहेरून नवे जीव येत राहायला हवेत, हा या प्रयोगांचा धडा. निसर्गातील शिकारीचे बहुतेक प्रयत्न फसतात. त्या फसण्यावरच निसर्गाचे संतुलन उभे आहे.

गप्पीचे उदाहरण आणखी बोलके आहे. हा मासा मूळचा त्रिनिदाद आणि दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातला. जॉन एंडलर या शास्त्रज्ञाने १९८० साली दाखवून दिले की शिकारी मासे असलेल्या पाण्यात गप्पीच्या नरांवरचे रंगीत ठिपके काही पिढ्यांतच कमी होतात, आणि शिकारी नसले की वाढतात. भडक नर मादीला आवडतो, पण तोच शत्रूच्या डोळ्यांतही भरतो. या दोन दाबांमधून गप्पीचे रूप घडत जाते. म्हणजे निसर्गात शिकार ही केवळ एका जिवाचा शेवट नसते. ती जातीला घडवणारी प्रक्रियाही असते. पेटीत यातले काहीच नाही. तेथे निवड नाही, पुढची पिढी नाही, निसटणे नाही. चार भिंती आहेत आणि त्या पारदर्शक आहेत. तेव्हा पेटीतील दृश्याला ‘निसर्ग’ म्हणणे हे वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचे आहे.

आपल्याकडे या दृश्याला फार जुना शब्द आहे, मात्स्यन्याय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो येतो. पण कोणत्या अर्थाने? दंड, म्हणजे राज्याचा कायदा, नसेल तर बलवान दुर्बलाला गिळतो, त्या अवस्थेचे ते नाव आहे. मोठ्या माशाने लहान माशाला गिळणे हा मानवी व्यवहाराचा आदर्श असल्याचे त्या परंपरेने कधी सांगितले नाही. उलट ते टाळण्यासाठीच राज्य हवे, असे सांगितले. शिवाय पेटीतल्या शिकारीत मोठ्या माशाचा दोष नाहीच. लहान माशाला पिशवीतून आणून तेथे सोडणारा हात माणसाचा असतो. निसर्गाची सबब त्या हाताला लागू पडत नाही.

माशाला वेदना होतात का?

‘मासा थंड रक्ताचा, त्याला कसली वेदना?’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शरीराचे तापमान बदलते असणे आणि वेदना होणे यांचा परस्परांशी संबंध नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे.

२००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशावर केलेले संशोधन प्रसिद्ध झाले. माशाच्या डोक्यावर त्यांनी ५८ संवेदनाग्राहक तपासले. त्यांपैकी २२ ग्राहक इजा करणाऱ्या उद्दीपनाला प्रतिसाद देणारे, म्हणजे ज्यांना आपण वेदनाग्राहक म्हणतो तसे निघाले. मग काही माशांच्या ओठांत मधमाशीचे विष किंवा ॲसेटिक आम्ल टोचले. त्या माशांचा श्वसनाचा वेग वाढला, ते तळाशी बसून डोलू लागले, आम्ल टोचलेले मासे ओठ रेतीवर घासू लागले. इतर मासे तास-दीड तासात खाद्याकडे वळले. या माशांना सुमारे तीन तास लागले. मॉर्फिन दिल्यावर ही लक्षणे कमी झाली. वेदनाशामकाने कमी होणारी गोष्ट केवळ प्रतिक्षिप्त क्रिया आहे, असे म्हणणे कठीण आहे.

या निष्कर्षाला विरोध करणारेही शास्त्रज्ञ आहेत, हे विद्यार्थ्यांना सांगितलेच पाहिजे. जेम्स रोझ यांनी २००२ मध्ये आणि ब्रायन की यांनी २०१६ मध्ये असे मांडले की वेदनेची जाणीव होण्यासाठी मेंदूचे जे बाह्यावरण लागते ते माशाला नसते. म्हणून मासा प्रतिसाद देतो, पण त्याला ‘दुखत’ नाही. यावर उत्तर असे दिले जाते की पक्ष्यांनाही सस्तन प्राण्यांसारखे ते आवरण नसते, तरी पक्ष्यांना वेदना होत नाहीत असे कोणी म्हणत नाही. एकच काम वेगवेगळ्या प्राण्यांत वेगवेगळ्या अवयवांनी होऊ शकते. वाद पूर्ण मिटलेला नाही, परंतु पुराव्याचे पारडे आज कोणत्या बाजूला झुकते आहे हे स्पष्ट आहे.

आणखी एक जुना शोध येथे महत्त्वाचा आहे. मधमाश्यांच्या नृत्याचा उलगडा करणारे कार्ल फॉन फ्रिश यांना १९३८ च्या सुमारास असे आढळले की मिनो या लहान माशाच्या कातडीला जखम झाली की पाण्यात एक पदार्थ पसरतो आणि त्याच्या गंधाने कळपातील इतर मासे घाबरून पळतात. आपला रोहू, कटला, गोल्डफिश ज्या मोठ्या गटात मोडतात त्या गटातील माशांत ही यंत्रणा आढळते. आता विचार करा. पेटीत दहा लहान गोल्डफिश एकदम सोडले आणि त्यांतला एक जखमी झाला, तर उरलेल्या नऊ माशांना धोक्याची सूचना मिळते. पण जायला जागा नसते. नदीत जी सूचना जीव वाचवते तीच पेटीत नुसती भीती होऊन उरते. काही मासे तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत कोपऱ्यात उभे असतात, कारण मोठ्या माशाचे पोट भरलेले असते.

गरज किती, हौस किती?

तिसरे विधान आहाराविषयीचे आहे. ऑस्कर हा दक्षिण अमेरिकेतील मासा निसर्गात लहान मासे खातो, तसेच कीटक, गोगलगायी, कोळंबीच्या जातीचे प्राणीही खातो. अरोवानाची तोंडाची ठेवणच पाण्याच्या पृष्ठभागावरचे खाद्य टिपण्याची आहे. पाण्यावर झुकलेल्या फांदीवरचा किडा तो उडी मारून पकडतो. म्हणजे ‘फक्त जिवंत मासा’ हा यांपैकी कोणाचाच नैसर्गिक आहार नाही. हे मासे कोळंबीचे तुकडे, गोठवलेले मासे आणि गोळीच्या रूपातील खाद्य खायला शिकतात, आणि त्यावर वर्षानुवर्षे निरोगी राहतात.

उलट, केवळ फीडर माशांवर वाढवल्यास अपायच संभवतो. गोल्डफिश आणि कार्प जातीच्या अनेक माशांच्या शरीरात थायामिनेज नावाचे विकर असते. ते ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करते. १९३०च्या दशकात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात पाळीव कोल्ह्यांना कच्चे कार्प मासे खाऊ घातल्यावर त्यांना पक्षाघातासारखा रोग झाला. त्याच्या तपासातूनच या विकराचा माग लागला. जो मासा रोज गोल्डफिश खातो त्याच्यावरही हेच संकट येऊ शकते. दुसरा धोका रोगांचा. फीडर मासे स्वस्त असतात, म्हणून दाटीवाटीने, उपाशी आणि अस्वच्छ पाण्यात ठेवले जातात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, शरीरात रुतणारे परजीवी, जिवाणू हे सारे त्यांच्याबरोबर पेटीत येते. आपल्या लाडक्या माशासाठी आपण जे खाद्य आणतो तेच त्याच्या आजाराचे कारण ठरते.

आकड्यांचाही विचार करावा. एका ऑस्करला रोज पाच गप्पी दिले तर वर्षाला १,८२५ मासे लागतात. एका माशाच्या हौसेसाठी हा हिशेब आहे.

नुकताच पकडलेला जंगली मासा, जखमी होऊन आलेला पाणसाप अशा मोजक्या प्रसंगी काही दिवस जिवंत खाद्याशिवाय इलाज नसतो, हे मान्य केले पाहिजे. पण दुकानातून आणलेल्या ऑस्करच्या बाबतीत ती अडचण नाही. तेथे उरते ती हौस.

कायद्याचे वाचन

‘मासा कायद्यात येत नाही’ असे पुष्कळांना वाटते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय कायदा उघडून पाहावा. त्याच्या दुसऱ्या कलमात ‘प्राणी’ या शब्दाची व्याख्या मनुष्येतर कोणताही सजीव प्राणी अशी आहे. तेव्हा मासा त्यात येतोच.

अकराव्या कलमात क्रूरतेचे प्रकार दिले आहेत. त्यांतील एक उपकलम आपल्या विषयाला थेट भिडते. केवळ करमणुकीच्या हेतूने एखाद्या प्राण्याला दुसऱ्या प्राण्याचे भक्ष्य व्हावे अशा रीतीने कोंडणे हा गुन्हा आहे. अभयारण्यात वाघासाठी आमिष म्हणून जनावर बांधण्याचा उल्लेख त्यात स्पष्टपणे येतो. काचेची पेटी म्हणजे कोंडणेच. प्रश्न राहतो तो ‘केवळ करमणुकीच्या हेतूने’ या शब्दांचा. ‘मी माशाला जेवण देतो आहे’ असे मालक म्हणेल, आणि ‘केवळ’ हा शब्द त्याच्या मदतीला येईल. पाहुणे जमवून, चित्रफीत काढून ती मित्रांना पाठवणाऱ्याला मात्र हा बचाव अवघड जाईल.

पण बचाव येथेच संपत नाही. त्याच कलमात, प्राण्याला अनावश्यक वेदना किंवा यातना होतील अशी वागणूक देणे हाही गुन्हा सांगितला आहे. तेथे हेतूचा नव्हे, ‘अनावश्यक’ या शब्दाचा कस लागतो. आणि कायद्याने जी सूट दिली आहे ती मनुष्याच्या अन्नासाठी प्राणी मारण्याला, तीही अनावश्यक यातना न देण्याच्या अटीवर. पाळीव माशाचे अन्न त्या सुटीत बसत नाही. म्हणजे कायदा शेवटी विज्ञानाकडेच बोट दाखवतो. गोळीखाद्यावर मासा निरोगी राहतो हे सिद्ध असेल, तर जिवंत मासा देणे आवश्यक कसे? माझ्या मते या कलमाचे सरळ वाचन प्रथेच्या विरोधात जाते.

कायद्याची दुर्बलताही सांगितली पाहिजे. पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. फीडर माशांच्या एका पिशवीइतकाच. २०१७ साली केंद्र सरकारने मत्स्यपेट्यांच्या दुकानांसाठी स्वतंत्र नियम काढले, पण पुढे ते मागे घेण्यात आले. दुसरीकडे, २०१४ च्या जल्लीकट्टू निकालात सर्वोच्च न्यायालयाने भूक, भीती, वेदना यांपासून मुक्तता देणारी प्राण्यांची पाच स्वातंत्र्ये या कायद्याच्या तिसऱ्या आणि अकराव्या कलमांत वाचली. पुढे राज्यांनी कायद्यात दुरुस्त्या केल्या आणि २०२३ मध्ये घटनापीठाने त्या ग्राह्य ठरवल्या. आपल्या बैलगाडा शर्यतींना अशाच दुरुस्तीचा आधार आहे. परंतु त्या दुरुस्त्या बैलांच्या खेळांपुरत्या आहेत. माशांना त्या लागू नाहीत.

इतर देशांत काय आहे? स्वित्झर्लंडच्या २००८ च्या नियमांनुसार जिवंत प्राणी खाऊ घालायला अटी आहेत. मेलेल्या खाद्यावर भागत नसेल, किंवा प्राण्याला पुन्हा निसर्गात सोडायचे असेल, अशा ठरावीक परिस्थितीतच ते चालते. डेन्मार्कमधील कोल्डिंग येथे २००० साली एका कलादालनात पाणी भरलेल्या मिक्सरांत गोल्डफिश ठेवले होते आणि बटण दाबायची मुभा प्रेक्षकांना होती. दालनाच्या संचालकावर खटला झाला. २००३ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, कारण मासे क्षणार्धात मेले, त्यांना यातना झाल्या नाहीत. निकाल पटो वा न पटो, न्यायालयाने विचारलेला प्रश्न नेमका होता. मासा मेला का, हा तो प्रश्न नव्हता. त्याला यातना झाल्या का, हा होता. पेटीत दोन दिवस कोपऱ्यात उभ्या असलेल्या माशाबाबत याचे उत्तर काय येईल?

दोन आक्षेप

‘मग आपण मासे खातो त्याचे काय?’ हा पहिला आक्षेप. तो टाळण्यासारखा नाही. उजनीचा मासा सोलापूरच्या बाजारात रोज येतो. पाण्याबाहेर गुदमरणारा तो मासाही यातना भोगतोच, आणि संख्येने तो फीडर माशांपेक्षा कितीतरी अधिक आहे. त्या यातना कमी कशा करता येतील हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. पण एका ठिकाणी अन्याय होतो म्हणून दुसऱ्या ठिकाणचा अन्याय योग्य ठरत नाही. शिवाय खाण्यामागे मच्छिमाराची उपजीविका आणि माणसाचे पोषण आहे. फीडर माशामागे काय आहे?

दुसरा आक्षेप गप्पी माशांचा. आरोग्य विभाग स्वतःच पाण्याच्या टाक्यांत आणि डबक्यांत गप्पी सोडतो, ते डासांच्या जिवंत अळ्या खातात. मग तेही क्रौर्य का? सोलापूरकरांनी अनेक वर्षे चार-पाच दिवसांआड पाणी साठवून दिवस काढले आहेत. पिंपात वाढणारा डास आणि त्याबरोबर येणारा डेंग्यू त्यांना चांगला माहीत आहे. येथे गरज खरी आहे, पर्याय कमी आहेत, आणि अळीला वेदना होत असल्याचा पुरावा माशाच्या तुलनेने फार दुबळा आहे. रेषा नेमकी कोठे ओढायची याबद्दल मतभेद होतील. पण गरज किती, पर्याय आहे का, आणि यातनेचा पुरावा किती, हे तीन प्रश्न विचारले की बहुतेक प्रसंगी उत्तर सापडते. फीडर माशाच्या बाबतीत तिन्ही उत्तरे एकाच दिशेला जातात.

येथे एक इशाराही द्यावासा वाटतो. हा लेख वाचून कोणी फीडर मासे किंवा नकोसा झालेला मोठा मासा सिद्धेश्वर तलावात अथवा हिप्परग्याला नेऊन सोडू नये. उजनीच्या जाळ्यांत सापडणारा परदेशी सकर मासा अशाच शौकीनांच्या पेट्यांतून बाहेर पडलेला आहे. एका जिवावरची दया दुसऱ्या अनेकांच्या मुळावर येते.

शाळेने काय करावे?

२०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील विच्छेदन थांबवण्याची सूचना केली. बेडूक टेबलावरून सुटला. तेव्हा ज्ञानासाठीही प्राणी मारू नये असे आपण ठरवले, आणि व्हरांड्यातल्या पेटीत करमणुकीसाठी मारतो, ही विसंगती मुलांच्या लक्षात येत नसेल असे समजू नये.

शाळेत ऑस्कर असेल तर त्याला गोळीखाद्याची सवय लावणे हाच विद्यार्थ्यांचा प्रकल्प करावा. निरोगी मोठा मासा काही दिवस उपाशी राहू शकतो. प्रथम चिमट्यात धरून हलवलेला कोळंबीचा तुकडा द्यावा, मग तुकड्यांबरोबर गोळ्या, मग नुसत्या गोळ्या. रोजची नोंद ठेवावी. किती दिवस लागले, याचा आलेख निघतो आणि शिकण्याची क्रिया डोळ्यांसमोर घडते.

शिकार आणि नैसर्गिक निवड शिकवायची असेल तर एक सोलापुरी चादर आणि एक पांढरे कापड पसरा. दोन्हींवर रंगीत कागदाच्या सारख्याच टिकल्या विखुरा. विद्यार्थ्यांनी शिकारी व्हायचे आणि दहा सेकंदांत जमतील तेवढ्या टिकल्या उचलायच्या. उरलेल्या टिकल्यांची पिढी दुप्पट करा आणि पुन्हा खेळा. चार-पाच फेऱ्यांत दोन कापडांवरची ‘लोकसंख्या’ वेगवेगळी दिसू लागते. एंडलरने गप्पीत जे पाहिले त्याचे मर्म वर्गात कळते, आणि एकही मासा मरत नाही.

भारतीय संविधानाच्या ५१-क या अनुच्छेदात नागरिकांची कर्तव्ये दिली आहेत. सजीव प्राण्यांविषयी दया बाळगणे आणि वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे ही त्यांतील दोन कर्तव्ये लागोपाठच्या खंडांत येतात. त्या दोहोंत विरोध आहे असे मानण्याची आपली सवय आहे. दया म्हणजे भावना, विज्ञान म्हणजे कोरडेपणा. पण ‘माशाला काय कळते?’ हे वाक्य जितके निर्दय आहे तितकेच ते अवैज्ञानिकही आहे. पुढच्या वेळी वर्गात कोणी ते उच्चारले तर त्याला रागावू नये. ‘हे तपासायचे कसे?’ एवढेच विचारावे, आणि ट्राउटच्या प्रयोगापासून सुरुवात करावी.